न पाहिलेला सारस

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आमच्यापैकी प्रत्येकास स्वतंत्रपणे आले. परंतु लिहावयाचे ते सर्वांनी मिळूनच, हे आम्ही लगेच ठरविले. जी गोष्ट सांगावयाची आहे ती एकट्याने सांगण्यासारखी नाही, आणि ती ज्या वह्यांत आहे त्या वह्याही कोणा एकाच्या नाहीत. वसतिगृहात आम्हांला ‘पाखरांची टोळी’ म्हणत. आम्ही सात जण होतो. आता सहा आहोत. एक रेल्वेत, दोघे शिक्षक, एक विमा कचेरीत, एक पुण्यास औषधांच्या कारखान्यात, आणि एक गावीच धानाची शेती करतो. सातवा मित्र काही वर्षांपूर्वी गेला. या लेखात जेथे जेथे ‘आम्ही’ म्हटले आहे तेथे तोही आहे.

वह्या एकूण 19. शाळेच्या ग्रंथालयातील लोखंडी कपाटात, सर्वांत खालच्या खणात, त्या एका जुन्या चादरीत बांधून ठेवलेल्या आहेत. त्या विकतच्या नाहीत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची कोरी राहिलेली पाने आमचे चित्रकलेचे सर जपून ठेवीत व सुतळीने शिवून आम्हांला देत. ती पाने रेघांची असल्यामुळे आमच्या बहुतेक पाखरांच्या पोटांतून निळ्या रेघा गेलेल्या आहेत. चित्रकलेच्या परीक्षकाला हे चालले नसते. आम्हांला मात्र पुढे त्या रेघा दिसेनाशा झाल्या.

शाळेपासून पाऊण कोसावर मामा तलाव आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की, हा मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचे ते संक्षिप्त रूप. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत असे काही हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातील जाणकारांनी आणि गावोगावच्या लोकांनी ते धानाच्या पाण्यासाठी बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आमच्या तलावाच्या पाळीवर मोहाची व अर्जुनाची झाडे होती, पश्चिमेस उथळ पाणी व कमळे, आणि त्यापलीकडे बांध्या. पाखरांना जे जे लागते ते सर्व तेथे होते. मुलांनाही.

आरंभ मात्र चित्रापासून झाला नाही, गलोलीपासून झाला. एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरामागे आम्ही दोन होले भाजीत बसलो होतो. तिसरा अजून सोलावयाचा होता. सर केव्हा येऊन उभे राहिले ते कळले नाही. आम्ही उठलो. आता मार बसणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे उपदेश होणार, अशी आमची खात्री होती. कारण पंचशीलातील पहिले शील आम्ही त्याच दिवशी पहाटे मोठ्या आवाजात म्हटले होते. सरांनी एवढेच विचारले, “सात जणांत दोन?” आम्ही मान हलविली. मग त्यांनी तिसरा होला हातात घेतला, त्याचे पंख मिटवून ठेवले आणि विचारले, “याच्या डोळ्याचा रंग कोणी पाहिला?” कोणीच पाहिला नव्हता. ज्याने नेम धरून मारला त्यानेही नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तो मेलेला होला पुढ्यात ठेवून काढला. मानेवरची काळी पट्टी आणि तिच्यावरचे पांढरे ठिपके, सोंगट्यांच्या पटासारखे, सर्वांनी मोजून काढले. चित्रे चांगली झाली. मेलेले पाखरू हलत नाही. सर म्हणाले, “छान. आता पुढच्या रविवारी जिवंत काढू.” पुढच्या रविवारी आमच्यापैकी एकालाही जिवंत होल्याची मान काढता आली नाही, कारण ती मान कधी एका ठिकाणी नव्हतीच. सरांनी आमच्या गलोली कधी मागितल्या नाहीत. त्या आम्ही नेमक्या केव्हा टाकल्या, हेही आता आठवत नाही. त्या आठवड्यापासून दर रविवारी सकाळी आम्हांला भिजवलेले चणे मिळू लागले, एवढे पक्के आठवते. ते चणे सरांच्या पगारातून येत, हे आम्हांला फार उशिरा, त्यांच्या निवृत्तीनंतर, कळले.

पाखरू काढावयाचे कसे, याविषयी सरांच्या काही पद्धती होत्या. त्या त्यांना कोणी शिकविल्या होत्या की त्यांनीच शोधल्या होत्या, हे आम्ही कधी विचारले नाही.

पहिली म्हणजे चोचीपासून आरंभ करावयाचा नाही. लहान मूल नेहमी चोच व डोळा आधी काढते आणि मग त्यामागे शरीर जोडीत जाते. तोवर पाखरू उडून जाते आणि कागदावर नुसते डोके उरते. सर आधी एकच तिरपी रेघ मारावयास सांगत: पाखरू किती उभे आहे, किती आडवे आहे, एवढीच. खंड्या बसतो तो जवळजवळ उभा, टिटवी आडवी, धोबी त्याहून आडवा. त्या रेघेवर एक अंडाकृती, तिच्यावर एक लहान गोल, आणि मग पाय. पाय कोठे टेकले आहेत ते पाहावयाचे, कारण शरीराचा भार पायांवर पेलला नाही तर पाखरू कागदावर तोंडघशी पडते. आमची पहिली शंभर पाखरे तोंडघशी पडलेली आहेत. बगळ्याचा गुडघा मागे वाकतो असे आम्हांला वाटे. सरांनी कोंबडीच्या तंगडीवर दाखविले की, जो गुडघा दिसतो तो वास्तविक घोटा आहे आणि खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. हे कळल्यावर सहाव्या वहीपासून आमचे बगळे उभे राहू लागले.

दुसरी पद्धत विचित्र होती. पाखराकडे दहा अंक मोजेपर्यंत पाहावयाचे, मग त्याच्याकडे पाठ करून काढावयाचे. वळून पुन्हा पाहिले तर चालेल, पण पाहताना पेन्सिल कागदाला लागता कामा नये. आरंभी पाठ फिरविताच डोक्यातून सर्व पुसले जाई. महिन्याभरात दहा अंकांत पुष्कळ मावू लागले. अडईंचा थवा पाण्यावर उतरतो तेव्हा शेवटच्या क्षणी त्यांची मान किती खाली येते आणि पाय किती पुढे जातात, हे चित्र आजही आमच्यापैकी कोणीही डोळे मिटून काढू शकेल.

तिसरे, एकाच पानावर पाच-सहा चित्रे अर्धवट ठेवावयाची. पाखरू तीच ती बैठक पुन्हा घेते. घेतली की त्या चित्राकडे परत यावयाचे. आणि जे दिसले नाही ते रिकामे सोडावयाचे. या नियमाविषयी सर कमालीचे कठोर होते. पाण्यात उभ्या असलेल्या पाखराचे पाय पाण्याच्या रेघेशी संपले पाहिजेत. गवतातल्या तितराचे पोट गवताशी संपले पाहिजे. कडेला तारीख, वेळ, वारा, ऊन कोणत्या बाजूने, आणि रंग शब्दांत: ‘पाठ ओल्या मातीसारखी’, ‘चोच टोकाला काळी’. रंगाच्या वड्यांचा एकच डबा सात जणांत होता, म्हणून रंग वसतिगृहात आल्यावर भरले जात आणि त्या शब्दांवाचून ते भरताच आले नसते. पांढरा रंग सर वापरू देत नसत. गायबगळा पांढरा करावयाचा तर त्याच्यामागचे पाणी गडद करावयाचे. कागद आपोआप बगळा होतो.

तलावावर मासेमारी करणारे ढिवर समाजाचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना आम्ही आबाजी म्हणत असू. त्यांनी आम्हांला जे शिकविले ते कोणत्याही पुस्तकात आढळले नाही. आम्ही रांगत पाळीवरून जात असू आणि पाखरे उडत. ते डोंग्यातून पाहत राहत. एक दिवस म्हणाले, “पोट्टेहो, त्याच्या डोऱ्यात नोका पाहू. तुमी टक लावली का ते उडते. माह्यासारके काम करत राहा.” तेव्हापासून आमच्यातला एक जण जाळ्याची दोरी गुंडाळीत बसे आणि बाकीचे त्याच्या आडून चित्रे काढीत. पाण्यावर एका जागी फडफडत थांबणाऱ्या ठिपक्याठिपक्यांच्या खंड्याला पुस्तकात कवड्या धीवर म्हणतात, हे आम्ही त्यांना सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले. “मंग तो आमच्याच जातीचा झाला गा!” पुढे तो पक्षी दिसला की ते ‘माहा भाऊबंद’ म्हणत.

पौर्णिमेच्या दिवसाची एक गंमत सांगावीशी वाटते. त्या दिवशी आम्ही पांढरी शुभ्र वस्त्रे घालून वंदनेला बसत असू आणि तसेच तलावावर जात असू. शुभ्र वस्त्रांतली सात मुले पाळीवर दिसताच सारा तलाव रिकामा होई. दोन-तीन पौर्णिमा अशा वाया गेल्यावर सरांनी आम्हांला वरून घोंगड्या पांघरावयास लावल्या. उन्हाळ्यातील पौर्णिमेस घोंगडीत बसून टिटवी काढणे म्हणजे काय, हे आमच्याशिवाय कोणाला कळणार नाही.

नीलपंखाची हकीकत आमच्या पुष्कळ मित्रांना आठवत असेल. विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीला जाताना ट्रकमधून तारांवर बसलेले नीलपंख दिसत. आमच्या भागात त्यांना नीलकंठ म्हणतात आणि दसऱ्याला दिसला की शुभ मानतात. एका वर्षी परतल्यावर सर्वांनी तो पक्षी काढला आणि सर्वांनी निळा काढला. डोक्यापासून शेपटीपर्यंत निळा, डब्यातली निळी वडी संपेपर्यंत. सरांनी सातही चित्रे भिंतीला लावली आणि दुसऱ्या रविवारी आम्हांला माळावर नेले. तारेवर बसलेला नीलपंख तपकिरी होता. छाती मळकट विटकरी, माथ्यावर थोडे निळे, पंखाच्या कडेला निळ्याची एक रेघ. बाकी धुळीत मिसळून जाणारा. मग तो उडाला आणि पंख उघडताच फिकट व गडद निळ्याचे पट्टे असे चमकले की, आमच्यातला एक जण ओरडला. आम्ही बसलेल्या पाखराला त्याच्या नावाचा रंग दिला होता. ढोकरीचे याच्या उलट: काठावर बसलेली ती चिखलाच्या रंगाची, शोधून सापडत नाही, उडाली की पांढरी फेक. पुस्तकात तिचे एक नाव वंचक आहे. वर्षभर तारखांसह चित्रे काढल्यावर इतरही गोष्टी उलगडल्या. लांब शेपटीचा कमळपक्षी आणि आखूड शेपटीचा कमळपक्षी हे दोन नव्हेत, एकच. ती झोकदार शेपूट विणीच्या दिवसांपुरती असते. सुगरणीचा नर पावसाळ्यात पिवळा आणि हिवाळ्यात मादीसारखा साधा. हे सर्व पक्षिशास्त्राला आधीच ठाऊक होते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. म्हणून शोध लावल्याचा आनंद आम्हांला पुरेपूर मिळाला. डॉ. सालिम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणींचे निरीक्षण करून एक नर अनेक माद्यांशी संसार मांडतो हे उजेडात आणले, असे सरांनी सांगितले तेव्हा आम्ही मनोमन त्यांना आमच्या टोळीत घेतले.

शाळेची सहल अजिंठ्यास गेली त्या वेळी बाकीची मुले बोधिसत्त्व पद्मपाणीपुढे उभी होती आणि सर आम्हांला 2 क्रमांकाच्या लेण्यात हंसांची ओळ दाखवीत होते. एकाची मान मागे वळलेली, एक पिसे साफ करणारा, एक पुढच्याला हुसकावणारा. एकासारखा दुसरा नाही. “यांनी हंस पाळीव पाहिले असतील की रानातले?” सरांनी विचारले. आम्हांला उत्तर देता आले नाही. परतीच्या वाटेवर एस. टी. त त्यांनी जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर आणि 1777 नंतर कलकत्त्यात इम्पे कुटुंबासाठी पक्षी रंगविणारा पाटण्याचा शेख झैनुद्दीन यांच्याविषयी सांगितले. त्यांच्यासारखे पीस न् पीस क्वचितच कोणी रंगविले असेल. पण इम्पे यांच्या बागेत पाळलेले पक्षी होते, बादशहाजवळ पक्षिशाळा होती. जहांगिराने तर पाळलेल्या सारसांच्या एका जोडीची नावे लैला व मजनू ठेवून त्यांच्या घरट्याचे, अंड्यांचे वर्णन आपल्या आत्मवृत्तात करून ठेवले आहे. “तुमच्याजवळ पिंजरा नाही,” सर म्हणाले, “म्हणून तुमचे पाखरू कधीच पूर्ण होणार नाही.” ते आमचे समाधान करीत होते की ताकीद देत होते, हे तेव्हा कळले नाही.

आता सारसाकडे येतो.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. पूर्ण वाढ झालेला सारस माणसाच्या खांद्याला सहज लागतो. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातच उरला आहे, आणि तेथेही मोजकाच. आम्ही नववीत असताना दिवाळीनंतर आबाजींनी सांगितले की, पहाटे पश्चिमेच्या बांध्यांकडून सारसांची जोडी ओरडताना त्यांनी ऐकली. नर व मादी मिळून ओरडतात, एकाच्या हाकेत दुसऱ्याची हाक मिसळलेली. ती हाक दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. आम्ही सलग चार दिवस अंधारात उठून गेलो. धुके होते, थंडी होती, एकदा तर विंचू निघाला. सारस दिसला नाही. ऐकूही आला नाही.

स्नेहसंमेलन जवळ आले होते. त्या वर्षी प्रथमच आमच्या चित्रांचे प्रदर्शन भरणार होते आणि पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस होते. आमच्यापैकी एकाने रात्री, सर्व झोपल्यावर, चिमणीच्या उजेडात सारस काढला. बियाणांच्या दुकानातून मिळालेल्या दिनदर्शिकेवर एक चित्र होते, त्यावरून. तो कोण, हे आम्ही येथे लिहिणार नाही. आमचा गेलेला मित्र तो नव्हता, एवढे मात्र सांगणे कर्तव्य आहे. शेजारच्या दोन खाटांवर जे होते ते जागे होते. सकाळपर्यंत आम्हां सर्वांना कळले होते. चित्र सुरेख होते. राखी अंग, तांबडी मान, डोक्यावर फिकट टोपी. कडेला तारीख घातली, वेळ घातली, ‘वारा पूर्वेचा, धुके’ असेही लिहिले; आणि तो वारा व ते धुके खरे होते, कारण आम्ही तेथे गेलो होतोच. त्याला पहिले बक्षीस मिळाले, कंपासपेटी. ती पेटी दहावीपर्यंत आम्ही सातही जणांनी वापरली.

सरांनी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक चित्राखाली पेन्सिलने एक ओळ लिहिली होती. सारसाखाली त्यांनी लिहिले, ‘पाय फार स्पष्ट दिसले.’ ही शाबासकी आहे असे आम्ही समजलो.

त्यानंतर आम्ही पांगलो. सर निवृत्त झाले, आबाजी गेले. तलावात बेशरमची झुडपे पाळीपासून आत सरकत गेली, कमळांचा भाग गाळाने भरला, आणि उथळ पश्चिम बाजूवर अतिक्रमण होऊन तेथे भरण टाकून जागा करावी, अशी मागणी अधूनमधून होऊ लागली. हे सर्व आम्हांला दुरून कळे, आणि दुरून जेवढे वाईट वाटते तेवढे वाटे.

गेल्या वर्षी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीतील एक तरुणी आमच्या शेतकरी मित्राकडे आली. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तिच्यासाठी तलावावर पूर्वी कोणते पक्षी होते याची माहिती ती गोळा करीत होती. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तिला मिळाल्या होत्या, परंतु तारीखवार लिखित काहीच नव्हते. मित्राने वह्यांचे सांगितले. ग्रंथालयात ती दोन दिवस बसली आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र तिने घेतले. 62 जातींचे पक्षी, तारीख, वेळ, वारा, ऊन. कोणत्या महिन्यात पट्टकदंब हंस आले आणि कोणत्या महिन्यात गेले. आम्ही मोठ्या कामासाठी म्हणून हे कधीच केले नव्हते. चण्यांसाठी केले म्हटले तरी चालेल. मुलांनी उत्तरपत्रिकांवर काढलेल्या रेघांतून एका तलावाची तीन वर्षे उभी राहिली.

शेवटी ती सारसाच्या पानावर आली. तिचा चेहरा कसा उजळला ते आमचा मित्र आम्हांला पुन्हा पुन्हा सांगतो. या तलावावर सारस होता याचा कागद तिला सापडला होता. ती म्हणाली, काका, भरण टाकण्याच्या मागणीविरुद्ध ग्रामसभेत याहून मोठे काही ठेवता येणार नाही; सारसाचे नाव घेतले की सरकारी माणूससुद्धा थांबतो. मित्र काही बोलला नाही. तिला चहा पाजून त्याने त्याच रात्री आम्हांला फोन केले.

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी जेवढे बोललो तेवढे मधल्या तीस वर्षांत बोललो नव्हतो. आणि सर्व बोलणे शोभादायक नव्हते. एकाचे म्हणणे, आबाजींनी हाक ऐकली होती ना. मग सारस होताच, चित्र केवळ उशिरा आले. दुसऱ्याचे म्हणणे, पोरवयातल्या एका लबाडीने तलाव वाचत असेल तर ती लबाडी सार्थकी लागली. हे बोलणारा त्या चित्राचा चित्रकार नव्हता, हे नमूद करावयास हवे. ज्याने चित्र काढले तो बरेच दिवस गप्प होता. आम्ही रोज पहाटे पंचशील म्हणत असू. त्यातले चौथे शील असत्य भाषणाविषयी आहे. सात जणांनी गप्प राहणे हेही त्या शीलात येते की नाही, असे त्याने एका रात्री विचारले. कोणी उत्तर दिले नाही.

मग आम्ही सहाही जण जमलो, त्या कपाटापुढे, आणि वह्या पहिल्या पानापासून चाळल्या. तेव्हा जे दिसले ते पूर्वी कधी दिसले नव्हते. तीन वर्षांतील आमच्या कोणत्याही पाणपाखराला बोटे नाहीत. बगळा पाण्याच्या रेघेशी संपतो. शेकाट्याचे गुलाबी पाय चिखलात जातात आणि तेथेच थांबतात. पाणकोंबडी गवतात कंबरेपर्यंत आहे. आणि सारस मात्र बांधीतल्या पाण्यात, धुक्याच्या सकाळी, दोन्ही पायांच्या बोटांसह उभा आहे. मागचे लहान, किंचित वर असलेले बोटसुद्धा. त्याच्याखाली सरांची ओळ.

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. सरांना पहिल्याच दिवशी कळले होते. त्यांनी बक्षीस थांबविले नाही, बोलावून विचारले नाही. ओळ लिहून ठेवली आणि वह्या जपून ठेवल्या. ते गेले तेव्हा आमच्यातले दोघेच अंत्ययात्रेस पोहोचू शकले होते.

त्या तरुणीला आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले. सांगितले ते चित्रकारानेच, बाकीचे मागे उभे होतो. तिला वाईट वाटले, ते तिने लपविले नाही. मग तिने जे विचारले ते आम्हांला अपेक्षित नव्हते. “काका, बाकीच्या पानांत असे आणखी कुठे आहे का?” एका पानामुळे आमच्या चारशे पानांवर हा प्रश्न आला होता. आम्ही तिच्यासमोर बसून सर्व 19 वह्या पुन्हा तपासल्या. पान पान आठवून. दोन ठिकाणी ‘नक्की नाही’ असे लिहावे लागले. एक शिकरा होता, तो कदाचित कोकीळकुळातला पावशा असावा. दोघे दुरून इतके सारखे दिसतात की, आमच्या त्या वेळच्या डोळ्यांवर आज आमचा विश्वास बसत नाही. बाकी सर्व आम्ही पाहिलेले होते. ती म्हणाली, ठीक आहे. नोंदवहीत 59 जाती गेल्या. सारसापुढे तिने लिहिले: ‘पाहिल्याची नोंद नाही. तलावावरील एका वृद्ध मच्छीमाराने हाक ऐकल्याचे विद्यार्थ्यांकडून कळते.’ आबाजी असे कागदावर आले.

ग्रामसभा झाली. सारसावाचून 59 पाखरांनी जेवढे सांगावयाचे तेवढे सांगितले. निर्णय पुढे ढकलला गेला आहे. बेशरम काढण्याचे काम मात्र मार्चमध्ये सुरू झाले. आमच्या शाळेची मुले व मुली दर रविवारी तेथे जातात. आता मुलीही वसतिगृहात आहेत आणि त्यांच्यातल्या तिघी आमच्याहून कितीतरी चांगली रेघ मारतात.

सारसाचे पान आम्ही फाडले नाही. चित्रकाराने त्याखाली शाईने ‘पाहिलेला नाही’ असे लिहून सही केली, आणि मग आम्ही पाचांनीही सह्या केल्या. सातव्याची जागा रिकामी ठेवली आहे. कंपासपेटीचे वर्तुळक रेल्वेवाल्या मित्राकडे अजून होते. ते त्याने वह्यांबरोबर चादरीत बांधून ठेवले.

एकोणिसाव्या वहीत 11 पाने कोरी आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी डिसेंबर किंवा जानेवारीत यावे, सूर्य उगवण्यापूर्वी पाळीच्या पूर्वेकडील तिसऱ्या मोहाखाली बसावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते आणि पाखरांच्या अंगावर पडते. पांढरे कपडे घालू नयेत. दोरी गुंडाळावयास काही तरी बरोबर ठेवावे. गेल्या जानेवारीत आम्ही तेथे सकाळचे सव्वासात ते नऊ बसलो होतो. वारा नव्हता, ऊन मागून. दोन ढोकऱ्या, शेकाट्यांचा लहान थवा, एक कवड्या धीवर. सारस काढणाऱ्याने ढोकरी काढली. चष्मा सारखा करीत, दहा अंक मोजून, पाठ फिरवून. पाय चिखलात होते.